आईचं वजन घटत होतं, म्हणून आम्ही खूश होतो

"पोटॅशियम फार खाली गेलंय," डॉक्टर म्हणाले. "पायांतली ताकद त्यामुळे गेली. पण मला काळजी पायांची नाही, हृदयाची आहे. त्याचे ठोके कधीही बिघडू शकतात."

वाशिमच्या दवाखान्यात, वॉर्डाच्या दारात उभी राहून मी हे ऐकलं. आत आई शुद्धीवर होती. बोलत होती, फक्त पाय उचलत नव्हते. "मले उठव ना वं माय," ती म्हणत होती, "पालकाच्या जुड्या बांधाच्या राह्यल्या."

या आजाराला हायपोकॅलेमिया म्हणतात. रक्तातला पोटॅशियम नावाचा क्षार कमी होणं. तो नसला की स्नायू काम सोडतात, आणि हृदय हासुद्धा स्नायूच आहे. आईचा तो कशानं कमी झाला? वजन घटवण्यानं. हे सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरातही कुणी आज हेच करत असेल आणि तुम्ही कौतुक करत असाल.

रिसोडला लागून आमचा भाजीचा मळा आहे. खुरपणीत बसून बसून आईचे गुडघे झिजले. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "ऑपरेशन करू, पण आधी वजन कमी करा." कसं, काय खाऊन, काय टाळून, याचा एक शब्द नाही. पुढचा नंबर पुकारला गेला आणि आम्ही बाहेर पडलो.

आईनं तो हुकूम मानला. सोमवार-गुरुवारचे उपास होतेच, त्यांत मंगळवार आणि शनिवार आले. रात्रीची भाकर बंद झाली. मामीनं चरबी झाडायचं म्हणून एक चूर्ण आणलं. ते घेतलं की जुलाब. "चरबी निघून राह्यली, आक्का. निघू द्या," मामी म्हणायची. आईला ते पटायचं, कारण काटाही मामीच्याच बाजूनं बोलत होता.

काटा म्हणजे बाजारातल्या ओळखीच्या अडत्याचा, सोयाबीनची पोती तोलायचा. भाजी विकून झाली की आई त्यावर उभी राहायची.

"मावशी, असंच चाललं तं तुमाले पोत्यात टाकून तोला लागन," अडत्या शेठजी गादीवरून म्हणायचे.

"तुमीच चढून पाहा ना एकडाव. काटा तुटते का तुमी खाली येता!"

आकडा खाली गेलेला असायचा आणि आम्ही सगळे हसायचो. घरी परतताना ती प्रत्येक पायरीवर दम घ्यायची. ते आम्ही उन्हावर ढकललं.

मग एका सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. जीपमध्ये तिला पोत्यासारखी उचलून ठेवावी लागली.

पोटॅशियम सलाईनमधून थेंबाथेंबानं देतात, कारण घाईनं दिलं तर तेच हृदय थांबवतं. ते शिरेत जळतं. "आग होऊन राह्यली वं," म्हणत आई पदर चावायची. मी हातावर फुंकर घालत बसायची. दुसरं करता येण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट आला. आकडा वर जायचा सोडून आणखी खाली गेला होता. मॉनिटर वेडावाकडा वाजू लागला. सिस्टरनं मला बाहेर काढलं आणि दार लावलं.

बाहेर भिंतीवर एक पत्रक चिकटवलेलं होतं. 'लठ्ठपणा टाळा, वजन घटवा.' खाली काही नाही. मला ते फाडून टाकावंसं वाटलं. काय घटवायचं आणि काय राखायचं, हे सांगायला त्या कागदावर जागा नव्हती? माझी आई आत मरत होती आणि तिनं त्या पत्रकाचं अक्षरन् अक्षर पाळलं होतं.

डॉक्टर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मॅग्नेशियम नावाचा आणखी एक क्षार संपला होता, म्हणून पोटॅशियम टिकत नव्हतं. आता दोन्ही सुरू केलं होतं. "आणि चरबी?" मी विचारलं, "ती तरी गेली ना?"

"थोडीशी. जुलाबानं जातं ते पाणी आणि क्षार. उपाशी राहिलं की शरीर स्नायूही जाळतं. तुमच्या आईचं मांस गेलंय, ताई. गुडघ्याला धरून ठेवणारं तेच होतं."

मी बाकावर बसले. आमच्या बाजारात सोयाबीन नुसतं तोलून कुणी घेत नाही. आधी ओलावा मोजतात, मूठभर चाळून माती-कचरा बघतात, मग भाव. उन्हात पसरलं की वजन घटतं, पण माती तिथल्या तिथेच राहते. हे त्या बाजारातलं शेंबडं पोरही जाणतं. त्याच बाजारात आम्ही आमच्या आईला नुसतं तोललं.

तिसऱ्या दिवशी तिच्या पायाचा अंगठा हलला. मी सिस्टरच्या गळ्यात पडून रडले. तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

ऑपरेशन पुढे गेलं आहे, कधी होईल ते माहीत नाही. आधी मांडीत ताकद यायला हवी. त्यासाठी बसल्या जागी पाय सरळ उचलायचा, खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं. उसळ, दही, शेंगदाणे, दाट डाळ रोज खायची. चूर्ण बंद, जादा उपास बंद. चरबी यातूनच उतरेल, पण सावकाश.

"एवढं कायले खाऊ?" आई भांडली. "पुन्हा वजन वाढन."

"वाढू दे."

आमच्या घरी तुरीचं दाट वरण आम्हा मुलांच्या ताटात जायचं. आई वरचं पाणी स्वतःला वाढून घ्यायची. "मले वरचंच आवडते," म्हणायची, आणि आम्हाला ते लहानपणापासून खरं वाटायचं. बायांनो, तुमच्या घरातही कुणाला तरी वरचंच आवडत असेल. एकदा त्या ताटात डोकावून बघा.

घरी आल्यावर ती पहिल्यांदा ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसली. सवयीनं पळीत वरचं पाणी घेतलं. माझ्याकडे पाहिलं. ते परत वरणाच्या गंजात ओतलं, पळी तळापर्यंत घातली आणि दाट वरण आपल्याच ताटात वाढलं.

"अशी पाहू नको आता," ती म्हणाली. "जेव."