गंगारामशेटचा पाट
संगमेश्वरच्या जुन्या पेठेतली दुकानं एकेक करून हायवेवर गेली. गंगारामशेटचं बंद दुकान तर सहा वर्षं शेळ्यांच्या लेंड्यांनी भरलं होतं. तेव्हा शेटला त्याचा पुळका आला नव्हता. "वापर गो काशी, चतुर्थीपर्यंत तुजंच समज," असं चारचौघांत म्हणाला होता.

मूर्ती घडवणाऱ्या काशीनं ते झाडलं, सारवलं आणि तिथं गणपतीची शाळा मांडली. घरोघरचे पाट आले. एकदा पाट दिला की त्या घरची मूर्ती त्याच पाटावर घडायची आणि त्याच पाटावरून घरी जायची. संध्याकाळी शेजारच्या बायका दागिने रंगवायला बसत. खाडीतल्या होड्यांवर नावं काढणारा करीम पितांबराचे काठ ओढून देई. मेलेल्या पेठेत माणसं थांबू लागली, समोर चहाची टपरीसुद्धा उभी राहिली.

माणसं दिसली आणि शेटच्या तोंडाला पाणी सुटलं. चतुर्थीला बारा दिवस असताना तो छत्री घेऊन दारात उभा.

"परवापर्यंत खाली कर. इडियोवाला आलाय. रोज पिक्चरचे तीन खेळ लावतो म्हणतोय."

"शेट, माती ओली हाय. डोळे रेखायचे रवलेत. बेचाळीस घरचे देव कुटं नेऊ?"

"ते मातीचे गोळे कुटंय ने!"

मातीचे गोळे! काशीच्या मस्तकात तिडीक गेली. शब्द द्यायचा चारचौघांत आणि मोडायचा उंबऱ्यावर. माणसाला काही लाज? करीम मध्ये पडायला उठला, त्याला तिनं हातानंच बसवलं.

ती मागच्या फळीकडे गेली आणि एक मूर्ती पाटासकट उचलून तिनं शेटच्या हातांत दिली. छत्री चिखलात पडली.

"घ्या. खाली करायला लागलंय. पयला तुमच्याच घरचा."

त्याच्या आईनं आषाढातच पाठवलेला पाट शेटच्या ध्यानातच नव्हता. पाटाच्या कडेची पितळी फुलं ओळखून त्याचा चेहरा उतरला. बाहेर पाऊस कोसळत होता. देव खाली ठेववेना, बाहेर नेववेना. बायका ब्रश थांबवून बघत होत्या.

"काशी, धर गो."

"कुटं ठेवू? दुकान तुमचं. जागा तुमीच सांगा."

शेट आत आला. स्वतःच्या हातांनी त्यानं पाट होता तिथं फळीवर ठेवला आणि पुटपुटला, "बरं, चतुर्थीपर्यंत."

"ते तुमी आदीच सांगितलं होतंत," काशी म्हणाली. "चारचौघांत."