गाडीमुक्त सामना आणि माझं बंगाली

माझ्या बंगालीचं कौतुक पहिल्यांदा मीच केलं. त्यामुळे पुढे जे घडलं त्याचं खापर दुसऱ्या कोणावर फोडता येत नाही. ऐकाच आता.

मी वाहतूक नियोजनातली सरकारी अधिकारी. घर आणि नवरा नागपुरात, नोकरी कोलकात्यात. बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडलेला. साहेब म्हणाले होते, फुटबॉलचा मोठा सामना नीट पार पाडा, मग बघू.

सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर शहरातले दोन जुने क्लब भिडणार म्हणजे अर्धं कोलकाता रस्त्यावर. माझी योजना मात्र देखणी होती. खासगी मोटारींना स्टेडियमच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. उल्टाडांगा स्टेशनवर उतरलेल्या लोकांना विजेवरच्या बसनं नेऊन सोडायचं. धूर नाही, कोंडी नाही.

हे समजावून सांगायला मी बस डेपोत गेले. डेपोचे प्रमुख मंडलबाबू म्हणाले, हिंदीत बोला, सगळ्यांना कळतं. पण मला हौस ना! ड्रायव्हरांसमोर उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, "खेलार दिन गाडी चोलबे ना."

सामन्याच्या दिवशी मोटारी चालणार नाहीत, असं मला म्हणायचं होतं.

टाळ्या थांबेचनात. एका वयस्कर ड्रायव्हरनं तर हात जोडले. पर्यावरणाची एवढी कळकळ मी आमच्या खात्यातही पाहिली नव्हती. भारावून मी पुढचं काही सांगितलंच नाही.

सामन्याच्या दुपारी उल्टाडांग्याला पोचले. झेंडे, ढोल, माणसंच माणसं. रस्त्यावर मोटार एक नाही. बसही एक नाही.

मंडलबाबूंना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, गाडी चालणार नाही असं तुम्हीच सांगितलंत. पोरं सुट्टीवर आहेत."

"अहो, गाडी म्हणजे मोटार. बस नव्हे."

"बसचा ड्रायव्हर बसला काय म्हणतो, मॅडम?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आपण तरी एसटी स्टँडवर काय विचारतो? गाडी कधी लागणार, असंच ना?

गळ्यातलं ओळखपत्र बघून लोक मलाच विचारायला लागले, बस कुठेय? मी, या वेळी हिंदीत, सांगून टाकलं की चालत जावं लागेल. मार खाते की काय असं वाटलं. पण कोणीतरी ढोल बडवला आणि सगळी गर्दी गात निघाली. मीही निघाले, उभं राहून करणार काय? वाटेत एका घोळक्यानं मला प्रेमानं झालमुडीचा, म्हणजे तिकडच्या भेळेचा, पुडा दिला. निरखून पाहिलं, तर आमचे ड्रायव्हर. सुट्टी काढून सामन्याला निघालेले.

दुसऱ्या दिवशी माफीची भाषणं पाठ करून साहेबांकडे गेले. त्यांनी बोलूच दिलं नाही. पेपरात पायी निघालेल्या जनसागराचा फोटो होता. एवढ्या लोकांना चालवणं आजवर कोणाला जमलं नव्हतं, असं ते म्हणाले. शिवाय मी ड्रायव्हरांशी थेट बंगालीत बोलते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. असा अधिकारी कोलकात्यातून सोडता येणार नाही, म्हणून बदलीचा अर्ज त्यांनी सन्मानानं परत केला.

संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "पुढच्या वेळी मराठीत बोल. कोणाला काही कळणार नाही, पण तू घरी तरी येशील."