गायधने भाऊंच्या जुन्या रायफली

जुनी फौजी रायफल बाळगणारा माणूस ती आयुष्यात फार वेळा चालवत नाही. पण ती का बाळगली, हे मात्र त्याला जन्मभर सांगत बसावं लागतं. पोलीस ठाण्यात, बसमध्ये, सोयऱ्यांत, बायकोपुढे. किस्से साचतात ते तिथेच. गायधने भाऊंसोबत वीस वर्षं फिरून माझ्याकडे पोतंभर साचलेत.

भाऊ आमच्या हिंदी मुलखातल्या बालाघाटचे, धानाच्या व्यापारातले. फौजेतून निघालेल्या, नळी बदलून लायसन्सवर मिळणाऱ्या रायफलींचा त्यांना नाद. मी मलाजखंडच्या खाणीत फिटर होतो, म्हणून ते मला मिस्त्री म्हणतात. तिसरे मेश्राम बाबू. कोर्टातून रिटायर झाले; आमचे सगळे अर्ज तेच लिहितात. भाऊंचा पाय एका जागी ठरत नाही. चहासुद्धा उभ्यानंच पितात.

*

निवडणूक लागली की लायसन्सवाल्यांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोक पावती घेऊन घरी जातात आणि विसरतात. भाऊ दुसऱ्याच दिवशी पुन्हा ठाण्यात. तिसऱ्या दिवशी तेलाची कुपी घेऊन. म्हणे बंदुका ठेवतात त्या मालखान्यात ओल आहे, गंज चढेल.

ठाण्याच्या मुन्शीनं आठवडाभर सहन केलं. मग म्हणाला, "काकाजी, बंदूक जमा हुई है, अस्पताल में भर्ती नहीं हुई।"

भाऊंनी शांतपणे विचारलं, "फिर भी, मिलने का टाइम क्या है?"

*

एकदा हट्ट्याकडच्या एका गावातून भाऊंनी रायफलीचा खांद्याला टेकवायचा नुसता लाकडी दस्ता मिळवला. चादरीत गुंडाळून आम्ही बसमध्ये चढलो. आमच्या जंगलाच्या रस्त्यावर नक्षल्यांमुळे तपासणी नेहमीचीच. जवान आत आला, गाठोड्यावर बोट ठेवून म्हणाला, "इसमें क्या है?"

मी 'लकड़ी' म्हणणार, तेवढ्यात भाऊ बोलून गेले, "आधी राइफल।"

"और बाकी आधी?"

"वही तो ढूँढ रहे हैं।"

बस आम्हाला सोडून निघून गेली. मेश्राम बाबू कागदपत्रं घेऊन येईपर्यंत तीन तास आम्ही चौकीत. मी बाकावर घाम पुसत बसलेलो, भाऊ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. सुटल्यावर मी काही बोलायच्या आत म्हणाले, "साहेब भला माणूस आहे, मिस्त्री. उरलेली दिसली त कळवतो म्हणे."

*

भाच्याच्या लग्नात पाहुण्यांनी भाऊंना गळ घातली, वरातीत दोन बार काढा. भाऊ म्हणाले, "ती लढाईले जाऊन आली आहे. तिले आता डीजेपुढे नाचवू काय?"

*

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे. वारासिवनीच्या एका घरातून भाऊंनी एक रायफल आणली. दस्ता काळवंडलेला. मला म्हणाले, "मिस्त्री, तेल लावून देजा." मी फिटर माणूस, मळ दिसला की हात शिवशिवतात. पॉलिशपेपर घेतला आणि लाकूड लख्ख करून ठेवलं.

भाऊ आले, बघितलं, आणि पहिल्यांदाच माझ्या घरी खाली बसले.

"इथं डाग होता," दस्त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले. "कोनाचा तरी गाल वर्सानुवर्सं इथंच टेकला असन. घामाचा डाग होता तो."

पंधरा दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. शेवटी मीच गेलो. भाऊ परसात उभे, रायफल खांद्याला, गाल दस्त्याला चिकटवलेला. वहिनी मला म्हणाल्या, "रोज तासभर असेच उभे राह्यतात. म्या इचारलं, दाढ दुखते काय? त म्हणतात, डाग पाडून राह्यलो."

*

मग नियम आला, एका लायसन्सवर दोनच हत्यारं. भाऊंकडे तीन. एक कायमची जमा करणं भाग होतं. महिनाभर त्यांनी आम्हाला भंडावून सोडलं. सकाळी एक ठरायची, दुपारी दुसरी. मेश्राम बाबूंनी तीन बंदुकांचे तीन वेगळे अर्ज लिहून दिले आणि म्हणाले, "भाऊ, आता मले इचारू नका. जो द्याचा तो द्या."

शेवटच्या दिवशी आम्ही तिन्ही रायफली घेऊन ऑटोनं ठाण्यात गेलो. दोन एकदम चालू हालतीत. तिसरी वारासिवनीची, तिची गोळीवर आपटणारी पिन तुटलेली. घोडा पडायचा पण बार होत नसे. मी कितीदा म्हटलं, खराद मशीनवर कातून नवी करून देतो, पण भाऊ 'पाहू' म्हणायचे.

मुन्शीनं रजिस्टर उघडलं. "कौनसी?"

भाऊंनी टेबलावर एक अर्ज ठेवला. माझा जीव हलका झाला. मग त्यांनी दुसराही ठेवला. दोन्ही चालू रायफलींचे.

"काकाजी, एक ही देनी है," मुन्शी म्हणाला.

"मालूम है।"

मेश्राम बाबूंनी त्यांचा हात धरला. "काहून भाऊ? चालनाऱ्या दोन्ही देऊन राह्यले तुमी?"

"हौ," भाऊ म्हणाले. "मले गाल टेकाले एक पुरते, चालवाची कोनाले आहे?" बंद पडलेली रायफल त्यांनी खांद्याला अडकवली, बाहेर आले, आणि ठाण्यासमोरच्या टपरीवर बाकावर बसून त्यांनी चहा मागितला.