किंचाळणारी झेलिंदा

झेलिंदा स्पादोनी मरायला लागली की सगळा स्टुडिओ गप्प व्हायचा. बँकेवर दरोडा पडो, ओलीस धरलेल्या बाईच्या कानशिलाला पिस्तूल लागो, नाहीतर पळणारी गाडी पुलावरून खाली जावो, पडद्यावरची नटी नुसताच आ वासायची. त्या वासलेल्या तोंडातून बाहेर पडणारा जीव झेलिंदाचा असायचा. ते मारधाडीचे सिनेमे तेव्हा बिनआवाजाचेच चित्रित व्हायचे. निम्म्या नट्या परदेशी. कॅमेऱ्यासमोर त्या खुशाल एक, दोन, तीन असे आकडे म्हणायच्या, आणि मग रोममध्ये पोर्ता पियाजवळच्या एका तळघरात, काळे पडदे लावलेल्या खोलीत, झेलिंदा त्यांच्या ओठांवर इटालियन चढवायची.

बुटकी, रुंद खांद्यांची, चाळिशीला टेकलेली बाई. क्वाद्रारो वस्तीत थोरल्या बहिणीकडे, इनेसकडे, राहायची. एकदा गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला उभी राहून तिने गळा चिरल्याची किंचाळी घोटायला घेतली, तर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. पोलिसांनी तिचा आवाज ओळखला आणि उलट कॉफी पिऊन गेले.

"देवाने गळा दिला तो चर्चमध्ये गायला," इनेस करवादली. "आणि तू बघ काय करतेस त्याचं!"

"चर्चमध्ये सगळे झोपतात गं," झेलिंदा म्हणाली. "माझ्या आवाजाने निदान जागे तरी होतात."

त्याच तळघरात, त्याच मायक्रोफोनसमोर, तिच्या खांद्याला खांदा लावून एल्व्हियो तारक्विनी उभा राहायचा. पडद्यावरचा पोलीस कमिशनर उंचापुरा, निळ्या डोळ्यांचा, मिशाळ. कायदा गुंडाळून ठेवायचा आणि गुंडांना भर बाजारात लोळवायचा. त्याचा आवाज मात्र एल्व्हियोचा. आणि एल्व्हियो कसा? टक्कल पडलेला, विणलेलं बिनबाह्यांचं स्वेटर घालणारा, ट्राममध्ये कुणी पाय तुडवला तर स्वतःच माफी मागणारा. पण दिवा मंद झाला, पडद्यावर चित्र हललं, आणि त्याने "हात वर!" म्हटलं, की झेलिंदाच्या पाठीतून शिरशिरी जायची. इतक्या वर्षांत ती सवयीची व्हायला हवी होती. झाली नाही.

सिनेमाचे छोटे छोटे तुकडे करून तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत, ओठ जुळेपर्यंत तीच वाक्यं म्हणायची, हे त्यांचं काम. त्यामुळे कमिशनर नायिकेला "तुझ्याशिवाय मला कुणी नाही" म्हणाला, तर एल्व्हियो ते झेलिंदाला सकाळभर म्हणत असे. मग जेवणाची सुट्टी व्हायची, एल्व्हियो सफरचंदाच्या फोडी करायचा, मोठी फोड तिच्यापुढे सरकवायचा आणि हवापाण्याच्या गोष्टी बोलायचा. गळा ओला राहावा म्हणून सफरचंद. झेलिंदा ती फोड सुट्टी संपेपर्यंत चघळत बसायची.

एल्व्हियोची बायको विल्मा त्याला सोडून तोरिनोला गेली होती, दुसऱ्या माणसाबरोबर राहत होती. हे स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. चौऱ्याहत्तर साली घटस्फोटाचा कायदा ठेवायचा की काढायचा यावर देशभर मतदान झालं. इनेसने पाद्रीबाबांनी सांगितलं तसं मत दिलं. झेलिंदाने केस कुरळे करून घेतले, नवे बूट घातले आणि उलटं मत दिलं. कायदा राहिला. त्या संध्याकाळी लोक मोटारींचे भोंगे वाजवत रस्त्यांवर उतरले, तेव्हा ती खिडकीत उभी राहून एकटीच हसत होती. आता हा मोकळा होईल आणि विचारेल, असं तिने मनाशी धरलं.

उन्हाळा गेला, दुसरा गेला. एल्व्हियोने विचारलं नाही.

शहात्तरच्या शरदात एक सिनेमा आला. दरोडेखोराची रखेली टोळीला दगा देऊन कमिशनरला गोदीवर भेटते, असा प्रसंग. नटी कॅमेऱ्याकडे तोंड करून, कमिशनर पाठमोरा. कागदावर तिचं वाक्य होतं, "मला या शहरातून बाहेर काढ," आणि त्याचं होतं, "गाडीत बस." पण नटीने आकडे जरा जास्तच म्हटले होते. वाक्य संपायचं, आणि हिचे ओठ आपले हलतच राहायचे. डबिंगचा दिग्दर्शक मारिनेल्ली कपाळाला हात लावून बसला. "भर घाला काहीतरी," तो काचेपलीकडून ओरडला. "काहीही!"

तुकडा पुन्हा फिरला. झेलिंदाच्या तोंडून निघून गेलं, "कधी विचारणार आहेस मला? केस पांढरे झाल्यावर?"

ओठ तंतोतंत जुळले. आता एल्व्हियोची पाळी होती. कमिशनर पाठमोरा होता, तो काहीही बोलू शकला असता. एल्व्हियो हातातल्या कागदाकडे बघत राहिला. तुकडा संपला.

"एल्व्हियो! गाडीत बस, गाडीत बस म्हणायचं होतं ना!" मारिनेल्ली भडकला. मग त्याने तो तुकडा पुन्हा ऐकला आणि त्याचा स्वर बदलला. "थांबा. हेच राहू दे. झकास झालंय. झेलिंदा, कुठून आणलंस गं हे?"

"पोटातून," ती म्हणाली आणि पाणी प्यायला बाहेर गेली. सिनेमा तसाच देशभर गेला.

वस्तीतल्या थिएटरात तो लागला तेव्हा इनेसला घेऊन झेलिंदा रविवारी दुपारी बघायला गेली. थिएटर धुराने भरलेलं, पायाखाली भोपळ्याच्या खारवलेल्या बियांच्या सालांचा खच. गोळीबाराला पोरं शिट्ट्या मारत होती, गाड्या आपटल्या की टाळ्या. त्या वर्षांत रोमच्या रस्त्यांवर खऱ्या गोळ्याही सुटत होत्या. तरी लोक पैसे मोजून या खोट्या बघायला यायचे, कारण इथे निदान कुणीतरी पकडलं जायचं. मग गोदीचा प्रसंग आला. "कधी विचारणार आहेस मला?" असं पडद्यावरची सोनेरी केसांची बाई म्हणाली, आणि कमिशनर पाठमोरा गप्प.

"अरे विचार की लेका!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "तोंडात काय शेवया कोंबल्यात?"

"याला मोटार पळवता येते, बाईमाणसाशी बोलता येत नाही!" दुसरा म्हणाला.

"बाई, माझ्याकडे ये, मी आत्ता विचारतो!"

सगळं थिएटर खो खो हसलं. इनेसने अंधारात बहिणीकडे पाहिलं. तिच्या हातातला रुमाल पिळून दोरीसारखा झाला होता. इनेसने पुड्यातल्या उरलेल्या बिया तिच्या ओंजळीत ओतल्या.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओसमोरच्या बारमध्ये झेलिंदाने एल्व्हियोला गाठलं. "काल साऱ्या क्वाद्रारोने तुला सांगितलं, विचार म्हणून. आता मीच विचारते. काय अडचण आहे? घोडं कुठे पेंड खातंय?"

एल्व्हियोने कॉफीत साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. "आर्जिया आहे ना," तो म्हणाला.

"आर्जिया कोण आता?"

"विल्माची आई. गार्बातेल्ला वस्तीत एकटी असते. मी दर रविवारी जेवायला जातो, औषधं आणतो. मला मुलगाच मानते. मी घटस्फोट घेतला तर तिला कोण?"

झेलिंदाने कप बशीत आपटला. "बायको नाही, आणि सासू आडवी येते! ही असली गोष्ट तर सिनेमावाल्यांनासुद्धा सुचली नसती."

आठवडाभर ती धुमसत होती. रविवारी मतदानाच्या वेळचे तेच बूट घालून ती गार्बातेल्लाला गेली. म्हातारीला चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून. दार उघडलं ते काळ्या कपड्यांतल्या एका किडकिडीत म्हातारीने.

"एल्व्हियो आहे का?" झेलिंदाने विचारलं.

म्हातारीने तिचा आवाज ऐकून कान टवकारले. "थांब! तू ती बँकेत मेलेली ना? आणि ती, रेल्वेखाली ढकललेली? अगं माझ्या पोरी, किती वेळा मेलीस गं! ये, ये आत ये!"

एल्व्हियोचा एकही सिनेमा आर्जियाने सोडला नव्हता. रक्ताला तिची हरकत नव्हती, तिला जावयाचा आवाज ऐकायचा असे. तेवढ्यात एल्व्हियो कमरेला एप्रन बांधून, हातात वाफाळती चाळणी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि झेलिंदाला बघून दारातच खिळला. सुनवायचे चार शब्द राहूनच गेले. तिघं जेवायला बसली. कोकराचं मटण होतं, भाजलेले बटाटे होते. आर्जिया तिच्या ताटात वाढतच राहिली.

वाइन संपली म्हणून एल्व्हियो खाली गेला, तेव्हा म्हातारीने खुर्ची जवळ ओढली. "मी आंधळी नाही, बाई. तू कशाला आलीस ते कळलं मला. याने तुला काय सांगितलं? माझ्यामुळे अडलाय म्हणून?"

झेलिंदाने होकाराची मान हलवली.

"लबाड आहे मेला. मी स्वतः त्याला सांगितलं, मोकळा हो, माझी पोरगी परत येणार नाही. दहा वेळा सांगितलं. चल, दाखवते."

आतल्या खोलीत विल्माचा पलंग होता, चादर ताणून घातलेली. दाराला तिचा हिरवा कोट टांगलेला होता, स्वच्छ, कॉलरवर धुळीचा कण नाही.

"दर रविवारी ब्रशने झाडतो," आर्जिया म्हणाली. "मला वाटतं, जेवायला नाही, यासाठीच येतो. मी आई असून हात लावत नाही त्या कोटाला. माझ्याच्याने बघवत नाही. तो माझ्यासाठी थांबलेला नाही गं. तिच्यासाठी थांबलाय."

जिन्यावर पावलं वाजली. दोघी पुन्हा टेबलाशी येऊन बसल्या. झेलिंदाने पेला पुढे केला, एल्व्हियोने तो भरला. त्याच्यावर रागावणार तरी कशी? त्या कोटाला जे मिळत होतं तेच तर तिला हवं होतं. एवढ्यावर आपलं भागेल का, हे तिने स्वतःला विचारलं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गार्बातेल्लाची बस धरली. का, हे इनेसला तिने कधी धड सांगितलं नाही. "म्हातारी मटण चांगलं करते," एवढंच म्हणायची.

वर्षं अशीच गेली. ऐंशीच्या सुमारास ते सिनेमे आटले. लोक घरी टीव्हीपुढे बसायला लागले, थिएटरं बंद पडली, मारिनेल्ली जाहिरातींकडे वळला. एल्व्हियोला घशाचा आजार झाला आणि तो आवाज आधी खरखरीत, मग कुजबुजीएवढा झाला. इस्पितळात झेलिंदा त्याला सफरचंद किसून भरवायची. एकदा त्याने तिचा हात धरला आणि खूप वेळ सोडला नाही. काही बोलायचा प्रयत्न केला, पण निघाला तो नुसता वारा. त्यात काय होतं, हे ओठांवरून शब्द ओळखण्यात हयात गेलेल्या झेलिंदालाही कळलं नाही. किंवा कळलं असेल. तिने कुणाला सांगितलं नाही.

एल्व्हियोच्या अंत्ययात्रेला विल्मा तोरिनोहून आली. स्थूल झाली होती, खरी रडली. झेलिंदाकडे वळून म्हणाली, "आपण कोण?"

"आम्ही एकत्र काम करायचो," झेलिंदा म्हणाली.

"घरातली आहे ती," आर्जिया म्हणाली, आणि लेकीचा हात सोडून झेलिंदाच्या आधाराने चर्चच्या पायऱ्या उतरली.

विल्मा दोन दिवस राहून गेली. जाताना हिरव्या कोटाकडे बघून "अजून आहे होय हा?" म्हणाली आणि न घेता गेली. झेलिंदा सामान घेऊन गार्बातेल्लाला राहायला आली. म्हातारीचे गुडघे गेले होते, कुणीतरी हवंच होतं. दुपारी खासगी वाहिन्यांवर ते जुने सिनेमे जाहिरातींच्या मधे मधे लागायचे. दोघी पांघरूण पायांवर घेऊन बघत बसायच्या. आर्जियाला कानांनी कमी ऐकू यायला लागलं होतं, पण बंदुकांनी दचकायची.

"गोळ्या सुटल्या की बारीक कर गं," ती सांगायची. "आणि तो बोलायला लागला की मोठा कर."

झेलिंदा टीव्हीजवळच्या स्टुलावर बसून बटण फिरवत राहायची. कमिशनर दारावर लाथ मारायचा, बायका किंचाळायच्या, आणि तिच्याच किंचाळीचा आवाज ती मुकाट्याने बारीक करून टाकायची.