एका दाराला दोन कुलपं

ती घटना आठवली की आजही डोकं चक्रावतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि जुन्नर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत होतो, तेवढ्यात समोरचा हॉटेलवाला धावत आला. "साहेब, लवकर चला. मागच्या आळीत एका दाराला दोन कुलपं लागलीत. दोघंबी हटंनात. आज कुणाचं तरी डोकं फुटतंय बघा."

गेलो. खरंच, एकाच कडीला दोन कुलपं! ओट्यावर पारगावच्या साखर कारखान्यातला एक फिटर, त्याची बायको आणि दोन मुलं बसली होती. आदल्या दिवशी हे कुटुंब ओझरला गणपतीच्या दर्शनाला गेलं होतं. परत येऊन बघतात तर आपलं कुलूप तोडलेलं आणि परकं लावलेलं. फिटरने संतापून त्याच्याशेजारी दुसरं ठोकलं. परकं कुलूप होतं मंचरच्या एका व्यापाऱ्याचं. तोही तिथेच उभा होता, हातात रजिस्टर केलेलं खरेदीखत घेऊन.

सगळ्यांना ठाण्यात आणलं. फिटर म्हणाला, "साहेब, घर माझं हाय. कितीक वर्सं हप्ते भरलेत. शेवटचा हप्ता झाला की खरेदी करून द्यायची, असं ठरलं व्हतं."

"कागद कुठंय?"

"स्टॅम्पवर लिव्हलं व्हतं. ते मूळ मालकाकडंच ऱ्हायलं. ओळखीचा माणूस, साहेब. कागद मागायचा म्हंजी संशय घेतल्यासारकं व्हतं."

व्यापाऱ्याला मी कुलूप तोडल्याबद्दल चांगलंच झापलं. तो कळवळून म्हणाला, "साहेब, मी पैसे मोजून घर घेतलंय. आत भाडेकरू आहे, तो या महिन्यात निघेल, असं मला सांगितलं होतं."

मूळ मालकाला बोलावलं. गावात मानाचा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळाला गंध. शांतपणे म्हणाला, "कसले हप्ते? भाडं देत व्हता तो. करारबिरार काय न्हाई." घरपट्टी त्याच्या नावावर, वीजबिल त्याच्या नावावर. दिलेला पैसा हप्ता की भाडं, हे काय नोटेवर लिहिलेलं असतं? तिघांचे जबाब घेतले, पुन्हा घेतले. दर वेळी जो बोलत असे तोच मला खरा वाटे. फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हेच ठरेना. हवालदार स्टेशन डायरी उघडून माझ्या तोंडाकडे बघत बसलेला. मला त्याचाही राग आला.

तेवढ्यात फिटरची बायको रडत म्हणाली, "आवो, आमच्या वास्तुशांतीला दोघं नवरा-बायको जेवून गेली की हो! आन् आता भाडेकरू म्हणत्यात."

मी थबकलो. भाडेकरू वास्तुशांत कशाला घालेल? मालकाला विचारलं, तर म्हणाला, "सत्यनारायण असंल. माझ्या ध्यानात न्हाई." त्याची बायको त्याचा डबा घेऊन बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलावून मी मुद्दाम हसत म्हणालो, "काकू, तुमच्याबद्दल भलतंच ऐकलं बुवा. यांच्या वास्तुशांतीला म्हणे रिकाम्या हाताने जेवून आलात?"

काकूंचा पारा चढला. "कोण म्हणतंय? त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत, आन् रिकाम्या हातानं जाईन व्हय मी? तिला लुगडं केलं, ह्यांनी टॉवेल-टोपी केली. समद्यात भारी आहेर आमचा व्हता! इचारा आळीत!"

"गप गं," मालक पुटपुटला आणि त्याची मान खाली गेली. आपलंच घर, आणि त्याच्या वास्तुशांतीला भाडेकरूला आहेर? थोड्याच वेळात त्याने कबूल केलं. करार त्यानेच चुलीत घातला होता. पैशाच्या बाबतीत माणूस बिनदिक्कत खोटं बोलतो, पण आहेराचा विषय निघाला की इज्जत आडवी येते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं.

फसवणुकीचा गुन्हा दाखल केला, मालकाला अटक केली. मी खुशीत होतो. फिटर हात जोडून म्हणाला, "म्हंजी आमी खरं ठरलो ना, साहेब? मंग जातो घरात."

मी त्याला थांबवलं. व्यापाऱ्याचं खरेदीखत रजिस्टर झालेलं होतं, आणि त्याचीही फसवणूकच झाली होती. घर कोणाचं, हे दिवाणी न्यायालय ठरवणार. तोवर मारामारी नको म्हणून मी प्रस्ताव पाठवला आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने घराला सील लागलं. पंचांसमोर भांडीकुंडी बाहेर निघाली. तेव्हा ती बाई मला म्हणाली, "लबाडी त्यानं केली, आन् घराभाईर आमी. ह्ये कसं वो, साहेब?" मला फार वाईट वाटलं. कायदा मला पाठ होता. मी खाली बघून पंचनाम्यावर सही केली.

हप्त्याने घर घेणारे आजही माझ्याकडे सल्ल्याला येतात. मी सांगतो, पहिल्या हप्त्याच्या आधी करार रजिस्टर करा आणि प्रत स्वतःजवळ ठेवा. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला लाज वाटते, हे मला कळतं. पण अनोळख्याकडे तर आपण मागतोच. फसतो ते ज्याला घरी जेवायला बोलावतो त्याच्याकडून.

दावा वर्षानुवर्षं चालला. दरम्यान माझी बदली झाली. ते कुटुंब कारखान्याजवळ एका खोलीत राहायला गेल्याचं नंतर कळलं. फिटर भाडेकरू आहे, हे मालकाचं म्हणणं आम्ही खोटं ठरवलं होतं. त्याच महिन्यापासून ते खरं झालं.