खोलीला लावलेलं सील

मी घर सोडलं त्या सकाळी सागर झोपला होता. आठ वर्षांचा होता, आणि झोपेतही एक पाय गोधडीबाहेर काढून ठेवायची त्याची सवय होती. माझी बॅग दाराशी, बाहेर रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देतोय. पनवेलहून मिरजेची एसटी साडेअकराची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सिंगच्या प्रवेशाला समोर उभं राहिलं नाही, तर माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, उजाडायच्या आधीच ट्रेलर घेऊन न्हावा शेव्याला गेले होते. जाताना सांगून गेले, "सागऱ्याला म्हात्रेकाकूकडं सोड आन् मग नीघ. सांजच्याला मी येतोयच." म्हात्रेकाकू आमच्या घरमालकीण, बोकडवीऱ्यातल्या. मी त्यांच्याकडे गेले तर दाराला कुलूप. भाचीच्या हळदीला सगळं घर करंजा गावाला गेलेलं. मी परत आले, सागरकडे पाहिलं, रिक्षावाल्याकडे पाहिलं, आणि जे केलं ते केलं.

आमच्या बोकडवीऱ्याच्या चाळीतले जे अजून उरणच्या बाजूला आहेत, आणि जे माझ्यासारखे पुणं, दुबई, कुठं कुठं जाऊन बसलेत, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. तुम्हाला सील म्हणजे काय ते सांगायला नको. पण माझ्याबरोबर इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कला काम करणाऱ्या मराठी मुलीही हे वाचतील, म्हणून सांगते. कंटेनर भरला की त्याच्या दाराच्या कडीत लोखंडी खिळा घालतात आणि खालून टोपण दाबतात. टक असा आवाज होतो. मग ते हाताने निघत नाही, मोठ्या कटरने तोडावंच लागतं. सील शाबूत असेल तर आत काही का झालेलं असेना, ड्रायव्हरवर बोट ठेवता येत नाही. अप्पांचा देवावर नव्हता एवढा विश्वास त्या खिळ्यावर होता.

आई गेल्यावर त्यांनी तो विश्वास घरी आणला. सागर तेव्हा तीन वर्षांचा, मी तेरा. कुलपाच्या किल्ल्या हरवायच्या, शेजारी पिणारे लोक. मग चारपाच तासांची फेरी असली की अप्पा आम्हा दोघांना आत ठेवून खोलीच्या कोयंड्यात सील मारायचे. कटर म्हात्रेकाकूंकडे खुंटीला टांगलेला असायचा. काही लागलं तर हाक मारायची, काकू तोडायच्या. काकू तोडताना दर वेळी अप्पांच्या नावाने बोटं मोडायच्या. एकदा त्यांना तोंडावरच म्हणाल्या, "पोर काय कंटेनर हाय काय रं?" अप्पा हसले होते. मारकुटा नव्हता माझा बाप. तो घरात नसायचा, एवढंच. पण लहान पोराला ते 'एवढंच' फार मोठं असतं.

तर त्या सकाळी फळीवरच्या डब्यातून मी एक सील काढलं, दार ओढलं, खिळा घातला आणि टोपण दाबलं. कटर काकूंच्या बंद घरात होता, हे मला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत अप्पा येतील, सात-आठ तासांचा तर प्रश्न आहे, असं मी रिक्षात स्वतःला सांगत होते. उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवला होता, माठ भरलेला होता.

अप्पा संध्याकाळी आले नाहीत. बंदरातलं काहीतरी बंद पडलं आणि ट्रेलरची रांग जागची हलेना. रांग सोडली तर नंबर जातो, शिवाय पोरगं काकूंकडे आहे म्हणून ते निर्धास्त. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या, कंटेनर यार्डात काम करणाऱ्या माणसांनी सागरचं रडणं ऐकलं. खिडकीच्या गजांतून त्यांनी त्याला चहा दिला, पाव दिला, त्याच्याशी गप्पा मारल्या. दार मात्र कुणी उघडलं नाही. बंदरावर पोट असलेली माणसं ती. ड्रायव्हर हजर नसताना सील तोडायचं नाही हे त्यांच्या इतकं अंगात मुरलेलं, की आत मूल आहे हे दिसत असूनही कुणाचा हात गेला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू करंज्याहून आल्या आणि त्यांनी तोडलं.

मिरजेच्या हॉस्टेलवर अप्पांचा फोन आला. मला वाटलं आता आईवरून शिवी येणार. ते म्हणाले, "पोरगं बरं हाय. शील म्या लावलं म्हणून सांगितलंय त्याला. तू अभ्यास कर, माघारी यायचं न्हाय." आणि ठेवला. मी त्याच वेळी खरं बोलायला हवं होतं. बोलले नाही. नंतर डिग्री झाली, नोकरी झाली, आयर्लंडचा व्हिसा झाला, आणि दर पायरीला ते बोलणं जास्त जड होत गेलं. सागर तिकडे यार्डाच्या कडेकडेने वाढला. सातवीत शाळा सुटली, क्लीनरांबरोबर जेवायचा, त्यांच्याच ताडपत्रीत झोपायचा. अठराचा झाला आणि अप्पांची खोली सोडून सानपाड्याला मित्रांबरोबर राहायला गेला. सणासुदीला दहा मिनिटं यायचा. फोनवर मला अप्पांबद्दल बोलताना 'तो माणूस' म्हणायचा, आणि मी विषय बदलायचे.

मग तो शूटिंगवर लाइट उचलायला लागला, तिथून कॅमेऱ्यापर्यंत सरकला, आणि यंदा स्वतःचा सिनेमा काढला. बोकडवीऱ्यात आणि द्रोणागिरीच्या गोदामांत शूट केलेला, आपल्याच लहानपणावरचा. मला लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, "ताई बघ आणि खरं सांग. टेन्शन नको घेऊ, रडारड नाय जास्त."

तीन आठवडे मी ती लिंक उघडली नाही. वॉर्डात मरणारी माणसं पाहते मी. पण फोन वाजला की तो उलटा करून ठेवायचे. त्याला कळलं असेल तर? काकूंनी सांगितलं असेल, अप्पांच्या तोंडून निसटलं असेल, आणि आता ते पडद्यावर असेल, माझ्या नावानिशी? त्यापेक्षा वाईट भीती दुसरी होती. त्याला अजूनही कळलेलं नसेल तर?

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी दार लावून बसले. सिनेमा चांगला आहे. मी बहीण म्हणून म्हणत नाही. त्या पोराचे पाय, चिखल, ट्रेलरच्या चाकांमध्ये बसून तो खातो तो पाव, सगळं खरं. त्यातली ताई रिक्षात बसण्याआधी झोपलेल्या भावाच्या कपाळाचा मुका घेते. मी घेतला नव्हता. मग रिक्षा जाते आणि ग्रीस लागलेला एक पुरुषी हात दारात खिळा घालतो. टक. पुढची वीस मिनिटं कॅमेरा खोलीच्या आत आहे. ती वीस मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

अप्पांना फोन केला. वाशीच्या हॉलमध्ये खेळ झाला तेव्हा सागरच्या मित्रांनी त्यांना नेऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं. संपल्यावर कुणी त्यांच्याशी बोललं नाही. एक बाई उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली, हेही त्यांनीच सांगितलं, सहज, पाणी आलं नाही हे सांगावं तसं. वर म्हणाले, "झ्याक काढलाय. शील लावणारा मानूस तेवढा लई उंच घेतलाय." मला हसू आलं आणि त्याच दमात रडू फुटलं. सत्तरीच्या माणसाला मी भर हॉलमध्ये बसवलं होतं, माझ्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी सागरला फोन लावला. चांगला झालाय, म्हटलं. तो खूश झाला, सानपाडा स्टेशनबाहेर उभा होता, मागे रिक्षावाले ओरडत होते. मी म्हटलं, "सागर, सील अप्पांनी नव्हतं लावलं. मी लावलं."

इथे मला एक दुरुस्ती करायची आहे. वर मी लिहिलंय की तो झोपला होता. खिळा घालेपर्यंत झोपलाच होता. पण टक आवाज झाला आणि आतून "ताई" अशी हाक आली. एकदाच. झोपेतली असेल, जागेपणी असेल. मी दाराला हात लावून उभी राहिले, आणि मग रिक्षात जाऊन बसले. हे अप्पांनाही माहीत नव्हतं.

सागरने एकच विचारलं, "मी तुला हाक मारलेली. ती ऐकलीस तू?"

"ऐकली."

त्याने फोन कट केला.

याला आता महिना होईल. माझे मेसेज तो बघतो, उत्तर देत नाही. अप्पा माझ्यावर चिडलेत. "कशाला बोललीस? माझं चाललं हुतं की," म्हणतात. पण त्यांच्याच बोलण्यातून कळतं की सागर त्याच दिवशी बोकडवीऱ्याला गेला, तासभर त्यांच्या शेजारी बसला, आणि आता एक दिवसाआड संध्याकाळी जातो. परवा बोंबील घेऊन गेला होता. अप्पांनी कालवण केलं, तिखट झालं, दोघांनी खाल्लं. गुडघ्याला तेल लावून देतो, हे सांगताना अप्पांचा आवाज बदलला होता.

घर म्हणजे मला इतकी वर्षं ती खोली वाटायची, जिथून मी निसटले. आता त्या खोलीत दोन माणसं एका ताटात जेवतात आणि मी बाहेर आहे. हेच व्हायला हवं होतं, एकोणीस वर्षं आधी. दिवाळीचं तिकीट काढलंय. अप्पा म्हणतात, ये, मी आहे. पण संध्याकाळच्या वेळी पोचणार आहे मी, आणि त्या वेळी तोही तिथे असतो. मी दारावर हात मारीन, ताई आलीय म्हणून हाक देईन. आतून तो ती ऐकेल, आणि त्यापुढे काय होईल या विचाराने रोज घाबरून जाग येते.