कमलचं पान

परवा नातवाच्या बाई म्हणाल्या, पोरगा हुशार आहे, ऐकलेलं विसरत नाही, पण अक्षरं त्याला ओळखूच येत नाहीत. संध्याकाळी वंदनेनंतर मेणबत्ती विझवली आणि त्या वासासरशी माझी धाकटी बहीण कमल आठवली.

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षी मुकुटबनच्या आमच्या अंगणात सगळी वस्ती वंदनेला जमायची. पुस्तिका एकच, आणि वाचायचा मान कमलचा. बाबांना अक्षर येत नव्हतं. ते कौतुकानं म्हणायचे, "पाहा, कशी धडाधडा वाचून राह्यली माही पोरगी!"

एकदा मी तिच्या मागेच बसले होते. वंदना संपत आली तरी पुस्तिका पहिल्याच पानावर. माझं पाठांतर ऐकून तिनं सगळं तोंडपाठ केलं होतं. लबाड कुठली! मला राग आला, पण चारचौघांत शोभा नको म्हणून मी गुपचूप पान उलटलं. त्यानंतर रोज माझं कोपर लागलं की ती पान उलटायची.

आता नातवाकडे पाहून कळतं, लबाडी कसली? केवढी धडपड होती ती!

चौथीत दुसऱ्यांदा नापास झाली आणि तिची शाळा सुटली. बाबा सगळ्यांना विचारायचे, "वाचते तर धडाधडा, मंग नापास काहून होते?"

मी जवळच बसलेली असायची.